गुंड्यानं डोळं उघडलं

ज्येष्ठ महिना, १९७७

प्रिय नानासो,

सांगलीच्या दवाखान्यात भेटायला सगळ्यांत आधी कोण आलं असंल? तुझी सासू! जतच्या गाडीच्या कंडक्टरकडं निरोप धाडला, तर त्याच गाडीनं माघारी हजर, काखेत शाळूच्या भाकरींचं गाठोडं. थांब, तार बघून पलटणीत घाबरला असशील. पोर बरं हाय. काल घरी आणलं.

छकड्यावरनं पडला तुझा लेक. डोक्याला टेंगूळ आलं आणि गुंगीतच गेला. मोठ्या माणसाला नाव-गाव विचारून शुद्ध कळती, वर्षाच्या पोराला काय विचारणार? डॉक्टर म्हणाले, हाकेला डोळं उघडतो का, चिमट्याला हात मागं घेतो का, नीट रडतो का नुसता कण्हतो, त्यावरनं बघायचं. आमी सासूसुना रडत होतो म्हणून दाराबाहेर काढलं. आत डॉक्टर आणि नर्स 'हंबीरराव, हंबीरराव' करतायत आणि पोर ढिम्म. चिमट्याला तेवढं कण्हायचं. हाकेला जागा झाला न्हाई तर पुण्याला न्या म्हणाले.

तेवढ्यात तुझी सासू सरळ आत. "आवं डॉक्टर, ते ह्याच्या आज्याचं नाव. घरातली कोण बाई घेणार? पोरानं ते कवा ऐकलंच न्हाई!" खरंच की रं. मी त्याला मालक म्हणते, सून बाळ म्हणते. ह्यांचं नाव हौसेनं ठेवलं मीच, आणि सुचलं तिला! मग तिनं हाक मारली, "गुंड्या, बा बा!" त्यांच्याकडचं कानडी, ये ये म्हणायचं. बाळंतपणात तिकडं तेच कानावर पडलेलं. पोरानं डोळं उघडलं, ओठ काढला, भोकाड पसरलं आणि दोन्ही हात तिच्याकडं! डॉक्टर हसले. मीबी आनंदानं रडले. पण नानासो, हात तिच्याकडं रं!

ती नळावर गेली तवा मी हळूच 'गुंड्या' म्हणून बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग दाराकडं.

आता म्हणते, महिनाभर जतला नेते, मोकळी हवा हाय. हवाच हाय की, पाणी कुठाय? पण सून लगेच व्हय म्हणाली. म्हणून हे पत्र. तू सासूला लिही, न्यायचंच असंल तर आईलाबी संगं न्या. मी आपल्या तोंडानं म्हणणार न्हाई. तिच्या अंगणात, तिच्यादेखत, त्यानं माझ्याकडं हात करायला पायजेत. लवकर लिही बाबा, बैलांच्या सणाच्या, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी न्यायला येते म्हणून सांगून गेलीया.

तुझीच,
आई