आईची तीन वर्षं

ता. ३ फेब्रुवारी

चि. भाऊस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पार्सल काल पोचलं. आईचा नवा चष्मा, मोठं भिंग आणि तुझ्या दुकानातले पाठकोरे कागद, सगळं धड आलं. टपालाला मात्र तू चष्म्याच्या काडीइतका खर्च केलास. पुढच्या वेळी कुणी येणारं-जाणारं बघत जा.

भिंग कशाला हवं होतं ते आता सांगते, हसू नकोस. मी शाळेत जाते. दर शनिवारी वाचनालयाच्या माडीवर आपापल्या घराण्याची माहिती कशी शोधायची याचा वर्ग भरतो. फुकट आहे, नाहीतर मी कसली जाते. शिकवणाऱ्या बाईंचा जन्म सरकारी दप्तरखान्यात गेला, म्हणून आम्ही त्यांना दप्तरदारबाई म्हणतो. त्यांनी पहिल्याच दिवशी वहीत दोन रकाने आखायला लावले. डावीकडे ऐकलेलं, उजवीकडे स्वतःच्या डोळ्यांनी कागदावर पाहिलेलं. माझा डावा रकाना चार पानं वाहतोय आणि उजवा कोरा आहे. हे म्हणतात, गेलेल्यांची चौकशी करण्यापेक्षा असलेल्यांना वेळेवर चहा मिळाला तर बरं.

पण हे सगळं आईसाठी चाललंय. तिची धाकटी बहीण तुला ऐकून माहीत आहेच. साथीत एकाच आठवड्यात आजी-आजोबा गेले, तेव्हा आई पाच वर्षांची होती आणि ती दीड. मामांनी आईला घरी नेलं. तान्ही मात्र इस्पितळातच राहिली आणि तिथून कुणाच्या तरी घरी गेली. पुन्हा कुणी तिचं नाव काढलं नाही. गेल्या महिन्यात आई एकदम म्हणाली, की देवाने बोलावण्याआधी ती जगली का एवढं तरी मला कळू दे. भाऊ, चौऱ्याऐंशी वर्षांत आईने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. इस्पितळाची जुनी बुकं अजून आहेत. आईच्या शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मसालात पाच मिळवून मी साथीचं वर्ष काढलं आणि अर्ज केलाय. यश द्यायला देव आहेच.

तुझ्या घरी सगळ्यांना आशीर्वाद. माया आहे ती राहू दे.

तुझी,
अक्का

ता. १९ फेब्रुवारी

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. तू शाळेत जातेस हे वाचून दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना मी उगाच चहा पाजला. डबा कोण भरून देतं? भावोजी सोडायला येतात का, की एकटी जातेस?

आता जरा भीतभीत लिहितो. आईला आशा लावून ठेवू नकोस. दीड वर्षाचं पोर, एवढ्या मोठ्या साथीत. आणि जगली असली, तरी आपल्याला टाकून दिलं असं समजून राग धरून बसली असेल तर? माझ्याकडे रोज माणसं येतात, त्यांना नीट दिसायला हवं असतं, पण नंबर वाढलाय म्हटलं की तोंड पाडतात. तुझ्या उजव्या रकान्यात काय येईल त्याची तयारी ठेव, एवढंच.

चष्मा आईच्या नाकावर घसरत असेल तर कळव. लोभ कमी करू नकोस, तो मी हक्काने मागतो.

तुझा,
भाऊ

ता. २३ मार्च

चि. भाऊस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. आधी वाईट बातमी आली, मग चांगली. इस्पितळातून उत्तर आलं, की त्या वर्षीच्या बुकात अशी मुलगी नाही. मी वही मिटली आणि दोन दिवस आईच्या समोर उभी राहिले नाही.

शनिवारी दप्तरदारबाईंनी कागद पाहिले आणि मला सगळ्यांसमोर झापलं. एका दाखल्यावर एवढा डोलारा कुणी उभारायला सांगितला होता? दुसरा साक्षीदार कुठाय? मग त्यांनी मला वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या बाडापुढे बसवलं. तुझं भिंग घेऊन मी वर्षभराचे अंक चाळले. साथीचं अवाक्षर नाही. पुढचं वर्ष चाळलं, त्याच्या पुढचं चाळलं. साथ सापडली ती तीन वर्षांनंतर.

घरी येऊन आईला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, अगं हो, मामांची मुलगी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी होती. तिला शाळेच्या वाटेवर सोबत हवी म्हणून मामांनी मलाही तिच्याच वर्गात घातलं आणि दोघींचं वय एकच सांगितलं. बाकावर बसले की माझे पाय लोंबकळायचे. हे आधी का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणते, विचारलं कुणी. म्हणजे आपली आई एक्याऐंशीची आहे. मी सांगितलं तर म्हणाली, मिळालेली तीन वर्षं मी आता परत देणार नाही.

नव्या वर्षाचा अर्ज केला आणि नोंद सापडली रे. आजोबांचं नाव, आजीचं नाव, मुलगी, वय दीड वर्ष. त्याच वॉर्डातल्या एका नर्सबाईंनी तिला आपली म्हणून घरी नेलं. पत्ता द्यायचा नियम नाही, पण चिठ्ठी पोचवतो म्हणाले. मी चिठ्ठी लिहिली. बाईंच्या सांगण्यावरून त्यात काही मागितलं नाही, फक्त आम्ही आहोत एवढं लिहिलं. काल एक कार्ड आलं. मावशी जिवंत आहे, भाऊ. तुझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. लिहिलंय, की एका माणसाने यावं, गर्दी नको.

तो एक माणूस तू. आईने कालपासून जेवण अर्धं केलंय, एकच विचारते, की ती माझ्यावर रागावली असेल का. तू जा आणि खरं काय ते लिही, गोड करून नको.

माया आहेच, त्यावर भार टाकतेय.

तुझी,
अक्का

ता. ३१ मार्च

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. रविवारी जाऊन आलो. तिसरा मजला, दारात दोन कुंड्या, आत भिंतभर पुस्तकं. मावशी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. मला बसायच्या आधी पायपुसण्यावर पाय पुसायला लावले, तेव्हाच मी ओळखलं.

कार्ड लिहायला आठ दिवस लागले म्हणाली. आपल्याला नर्सबाईंनी आणलं हे तिला माहीत होतं, पण मागे कुणी उरलंय हे नर्सबाईंनाही ठाऊक नव्हतं. नर्सबाईंनी लग्न केलं नाही, हिनेही नाही. त्या गेल्यापासून घरात एकटीच. मी विचारलं, की राग येतो का. तिने आधी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. मग म्हणाली, राग धरायला आधी माणूस माहीत असावा लागतो. पुढे आईबद्दल सगळं विचारलं. किती वाजता उठते, हट्टी आहे का, गाते का. हट्टी आहे हे मी लपवलं नाही.

तिच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती, मी खिशातल्या स्क्रूने बसवून दिली. निघताना दारात म्हणाली, की सगळा जन्म मीच सगळ्यांहून मोठी होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी धाकटं व्हायला जमेल का ते बघायला येते. हा शनिवार सोडून पुढच्या शनिवारी मी तिला घेऊन निघतो. आता तुम्ही दोघी सांभाळा.

तुझा लोभ मला पुरून उरतो.

तुझा,
भाऊ

ता. ३ एप्रिल

चि. भाऊस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. घाईत लिहितेय. तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. मग तिने नवा चष्मा लावून स्वतः एकदा वाचलं आणि पोटभर जेवली. शनिवारचा वर्ग मी बुडवणार, दप्तरदारबाईंनी आनंदाने रजा दिली. उजव्या रकान्यात मावशीचं नाव मी तिच्यासमोरच लिहीन, डोळ्यांनी पाहून.

आई मात्र काही ऐकून घेत नाही. मावशीची सोय मी बाहेरच्या खोलीत केली होती, ती तिने मोडली. आपल्याच पलंगावर दुसरी उशी ठेवलीये, भिंतीच्या बाजूला. मावशी मुख्याध्यापिका होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, हे मी दोनदा सांगून पाहिलं. म्हणते, असेल, पण लहान आहे, कडेला झोपली तर पडेल. तेव्हा मावशीला भिंतीकडची जागा चालेल का, तेवढं विचारून उलट टपाली कळव.

तुझी,
अक्का