बाबा साइडकारमधून उतरले, त्याबद्दल

तीर्थरूप मामांस,

मी लहान असताना सायकलवरून तिसऱ्यांदा थेट नळावर जाऊन आदळले, तेव्हा मला उचलता उचलता तुम्ही आईला म्हणाला होतात, "हिच्या हातात हँडल देऊ नकोस गं, ही माणसं पाडेल." मामा, गेल्या रविवारी भर मिरवणुकीत मी एक माणूस हरवला. पडला नाही, उतरला. आणि तो माणूस म्हणजे माझे वडील. तुम्हाला ही बातमी दुसऱ्या कुणाकडून कळून तुम्ही उगाच खूश होण्याआधी मीच कळवते.

तुमचा खोकला कमी झाला का? मामींचा गुडघा कसा आहे? इथे आम्ही मजेत आहोत. (हे वाक्य मी वर्षभर सवयीने लिहीत होते. आज खरोखरच लिहिते आहे.)

तुम्हाला माहीतच आहे, आई गेल्यापासून बाबा मागच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतात. बोलणं तीन शब्दांचं : हो, नको, नंतर. चहा विचारला की नको, बाहेर चला म्हटलं की नंतर, आणि हो कशाला म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही. अशात आमच्या चष्म्याच्या दुकानात गॅरेजवाले मिस्त्री जवळचा नंबर काढायला आले. अक्षरं वाचता वाचता त्यांनी सांगितलं, की मोटारसायकलवाल्यांचा संघ निवृत्त सैनिकांच्या सन्मानाची मोठी मिरवणूक काढतो आहे. शेकडो गाड्या, प्रत्येकीवर मागे किंवा साइडकारमध्ये एक सैनिक, स्टेशनपासून मैदानापर्यंत. त्यांच्याकडे साइडकारची एक जुनी गाडी होती, पण चालवायला कुणी नव्हतं. मी हातातलं भिंग त्यांच्या डोळ्यासमोर धरून म्हणाले, "मी चालवते." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

बाबांनी अर्थातच नको म्हटलं. त्यामागचं म्हणणं जुनंच : सन्मान कसला, मी काय लढलो? लढणारे पुढे गेले, मी वळणावर उभा होतो. हे तर खरंच आहे. फौजेत त्यांचं काम तेच : गाड्यांच्या ताफ्यापुढे मोटारसायकलने जायचं, रस्ता फुटतो तिथे उतरायचं, हात दाखवून एकेक गाडी बरोबर रस्त्याला लावायची आणि शेवटची गाडी जाईपर्यंत जागा सोडायची नाही. मग मी सन्मानाचं नावच काढलं नाही. म्हटलं, "बाबा, मला साइडकार चालवता येत नाही. तुम्ही नुसते बसा आणि चुका सांगा." मामा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चुका सांगायला मिळणार म्हटल्यावर ते सरावाला मैदानावर माझ्याआधी पोचले.

साइडकारच्या गाडीचा स्वभाव तुम्हाला सांगायला नको, पण मला कुणी सांगितला नव्हता. सरळ जायचं म्हटलं तरी ती एका बाजूला ओढते (आमच्या दुकानाच्या मालकांसारखी), आणि वळताना साइडकारचं चाक अधांतरी उठतं. पहिल्या दिवशी ते उठलं तेव्हा बाबा माझ्या खांद्याच्या उंचीवर आले आणि तिथूनच शांतपणे म्हणाले, "वेग कमी कर." पण संध्याकाळी जेवताना त्यांनी मला क्लचवर जवळजवळ एक व्याख्यान दिलं. पूर्ण वाक्यांचं, मामा. क्रियापदांसकट. मी भात वाढत राहिले आणि त्यांना कळू दिलं नाही की मला ताट नीट दिसत नाहीये.

रविवारी त्यांनी जुना कोट घातला. बटणं लागेनात म्हणून मधे सेफ्टीपिन लावली. पदक छातीवर लावायला मात्र साफ नकार. ते खिशात, खोकल्याच्या गोळ्यांबरोबर. मिरवणूक निघाली आणि काय आवाज तो! माझे दात हेल्मेटच्या आत वेगळे वाजत होते. पुढे साइडकारमध्ये एका सुभेदारांना बसवलेले एक लठ्ठ प्लंबर होते. त्यांच्या पाठीवरून नजर हलवायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. बाजूने सारखं "अंतर ठेव! अंतर!" चालू होतं. मोठ्या चौकात, जिथे रस्त्याला तीन फाटे फुटतात, तिथे सगळे क्षणभर थांबले. मग निघालो. निघाल्यावर गाडी अचानक हलकी झाली, आणि ती ओढायची तीही वेगळ्याच तऱ्हेने. बाजूने एकही सूचना येईना. मला वाटलं, जमलं आपल्याला. (माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची दहा मिनिटं असतील ती. बापाला रस्त्यात सोडून मी गाणं गुणगुणत होते.)

लोक मात्र विचित्र वागू लागले. प्लंबर आणि त्यांचे सुभेदार गेले की टाळ्या, शिट्ट्या. मी आले की एकदम शांतता. पुरुष टोप्या काढायचे. एका म्हाताऱ्या बाईंनी पुढे येऊन साइडकारमध्ये फुलं ठेवली आणि माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, बाईमाणूस गाडी चालवते म्हणून एवढं कौतुक. मी मान लववून सगळ्यांचं स्वीकारत गेले. मैदानात शिरले तर ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली : "आणि ही रिकामी जागा, जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी!" सगळं मैदान उभं राहिलं. तेव्हा मी पहिल्यांदा बाजूला पाहिलं. साइडकारमध्ये फुलं होती आणि खोकल्याची एक गोळी होती. मी रडायला लागले, तसं माझं बघून पुढच्या रांगेतले चार-पाच कर्नलही रडायला लागले. त्यांना कसं सांगू की माझा माणूस परत आला नाही हे खरं, पण तो सकाळी नाश्ता करून निघालेला आहे?

मिस्त्रींच्या टेम्पोत बसून मागे पळालो. बाबा चौकातच होते. चौकाच्या बरोब्बर मधोमध, पाठ ताठ, हात लांब केलेला. वळणावर संघाने कुणालाच उभं केलेलं नाही हे त्यांनी पाहिलं होतं आणि सवयीने उतरले होते. वाहतूक पोलीस त्यांचा कोट हातावर घेऊन फुटपाथवर आदबीने बसला होता. मला पाहून बाबा ओरडले, "रांग सोडून उलटी आलीस? कुणी सांगितलं?" मी म्हटलं, बाबा, मिरवणूक संपली, घरी चला. "शेवटची गाडी गेली?" आता शेवटची गाडी कोणती हे संघाने ठरवलंच नव्हतं! त्यामुळे मोटारसायकली संपल्यावरही बाबांनी एक दुधाची गाडी, एक आइस्क्रीमवाला आणि नवा फ्रिज घेऊन निघालेलं एक कुटुंब मैदानाकडे रवाना केलं होतं. (आइस्क्रीमवाल्याने संध्याकाळी येऊन आभार मानले.) शेवटी मिस्त्रींनी टेम्पोला मागे लाल फडकं बांधलं आणि हॉर्न देत बाबांसमोरून नेला. बाबांनी फडक्याकडे पाहिलं, टेम्पोला कडक सलाम केला आणि मग हात खाली घेतला.

घरी येताना मी भीतभीत रिकाम्या साइडकारची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मग बरोबर ठिकाणी पोचली ती सलामी." आणि त्यांनी मला, मी कधीच न ऐकलेली, पाच-सहा नावं सांगितली. कुणाला गाता यायचं, कुणाला नुसता भात चालायचा नाही, सगळं. खिडकीतली खुर्ची आता स्वयंपाकघरात आली आहे.

बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

तुमची भाची

ता. क. नमस्कार सांगितलेला नाही. "पत्र कुणाला?" एवढं विचारलं, मी सांगितलं, आणि ते उठून गेले. पण थोड्या वेळाने पाकिटाला लावायला डिंक आणून ठेवला.

ता. क. आणखी एक. माझ्या लग्नात बाबा कोपऱ्यावर तुमच्या गाडीची वाट बघत उभे राहिले आणि तुम्ही मागच्या गल्लीतून येऊन पहिल्या पंगतीला बसलात, हे तुम्ही विसरलेले नाही आणि तेही नाहीत. माझी सप्तपदी त्यांनी पाहिली नाही. तुमचं म्हणणं, त्यांना उभं राहायला सांगितलं कुणी? त्यांचं म्हणणं, शेवटची गाडी यायची होती. तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नाही, आणि आईने दोन्हीकडची समजूत काढण्यात आयुष्य घालवलं. आता ते काम मला जमत नाही, मामा.

पुढच्या वर्षीची सगळी वळणं संघाने बाबांकडे सोपवली आहेत. त्यांनी एकच अट घातली : शेवटची गाडी आधी ठरवा. कोण हवं विचारलं तर म्हणाले, "चालवतो चांगली, पण त्याला मागे राहता येत नाही." कुणाबद्दल ते मी विचारलं नाही.

तुम्ही नाहीच म्हणणार. मामींचा गुडघा पुढे कराल, खोकला काढाल, गाडी बंद आहे म्हणाल. तरी विचारते : याल का? सगळ्यांच्या मागून, मोठ्या रस्त्याने, गाडीला लाल फडकं बांधून?