बाराव्या किलोमीटरपर्यंत

५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडची बातमी अशी की पुढच्या महिन्यात आम्ही दोघं एकवीस किलोमीटरची शर्यत पळतोय. हसू नकोस. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं आणि हिनं वर्षभरात मला पळायलाच लावलं. रोज पहाटे नदीकाठच्या रस्त्यानं जातो. ही जरा हळू पळते, म्हणून मीही बेतानं घेतो. शेवटची रेघ हातात हात घालून ओलांडायची असं ठरलंय. या वयात शोभतं का, ते तूच सांग.

लोभ आहेच, तो गुडघ्याइतकाच सांभाळ.

तुझा,
धाकटा

१४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? शाळेपर्यंत तुझं दप्तर मी उचलायची, तुझा दम मला ठाऊक आहे. दमतोस तू आणि नाव बायकोचं. अडीच तासांच्या आत येऊन दाखव, मग मानीन. नाहीतर दुकानात बसून पुस्तकं शिव, बाइंडिंग तुला झकास जमतं. तिला आशीर्वाद सांग आणि म्हणावं, याला ओढत आण.

रागावलास तर दोन ओळी जास्त लिही.

तुझी,
ताई

२२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन तास बावीस मिनिटं. तुला कळवायचं म्हणून जीव तोडून पळालो आणि आता लिहिताना लाज वाटते. बाराव्या किलोमीटरला घड्याळ पाहिलं आणि हिला विचारलं, मी होऊ का पुढे. तिनं मान डोलावली. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पदक घालून केळं खात उभा होतो. तीन तास झाले तशी वेळ संपली म्हणून माणसं शेवटच्या रेघेवरची कमान उतरवायला लागली. ही त्यानंतर दहा मिनिटांनी आली, चालत. तिला पदक मिळालं नाही. माझं देऊ केलं तर म्हणाली, ते तुमचं आहे.

रागावली असती तर बरं झालं असतं. डबा वेळेवर मिळतो, शर्टाला इस्त्री असते. पहाटे मात्र ती उठत नाही. चुकलो गं मी. तूच तिला दोन शब्द लिही, माझ्या तोंडून काही निघत नाही.

माया कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

३ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. दोष स्वतःकडे घेऊ नका. थट्टा तर तुम्ही त्यांची जन्मभर करत आलात. आणि एक तुम्ही बरोबर ओळखलंत, दमायचे तेच. बोलत पळलं की त्यांना धाप लागायची, म्हणून मी पाय आवरायची.

घरात आमचं बोलणं म्हणजे मीठ संपलं आणि नळ गळतोय. दिवसभर मी वाचनालयात, तिथे तर गप्पच बसायचं. त्या रस्त्यावर मात्र ते बोलायचे. मामंजी गेले तेव्हा रडू का आलं नाही, दुकान कधीकधी नकोसं का होतं, सगळं. सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं ते मी एका वर्षात ऐकलं. त्या दिवशीही ते सासूबाईंची काहीतरी गोष्ट सांगत होते. ती अर्धीच राहिली. पुढे पळून काय करायचं, ते मला सुचेना.

आता सुट्टीच्या दुपारी, ते दुकानात असताना, मी एकटी जाते. परवा एकवीस किलोमीटर दोन तास दहा मिनिटांत झाले. हे त्यांना कळवू नका. त्यांना वाटेल, मला पदक हवं होतं.

लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
भावजय