भाऊंच्या गाडीचं छप्पर

१२ एप्रिल, शनिवार

दादा आला. दोन बॅगा, एक ग्राइंडर आणि एक घोषणा घेऊन. चहाचा कप हातात घ्यायच्या आधी घोषणा — "गौरे, भाऊंच्या गाडीचं छप्पर कापायचं. गाडी उघडी करायची!"

भाऊंनी चौऱ्याहत्तर साली अलिबागला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरकडून घेतलेली ती लाल, बसकी, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी. आख्ख्या मुरूड तालुक्यात तशी दुसरी नव्हती. भाऊ, आमचे वडील, वकील होते, पण अशिलांना आधी गाडी दाखवायचे, मग खटला ऐकायचे.

वैशाख वद्य पंचमीला, म्हणजे सतरा मे ला, भाऊंना जाऊन वर्ष होतंय. वर्षश्राद्ध हरिहरेश्वरला करायचं ठरलेलंच होतं. आता दादाचं म्हणणं — भाऊंचा फोटो त्यांच्याच गाडीतून न्यायचा, उघड्या गाडीतून, समुद्राच्या वाऱ्यात. 'भाऊंची शेवटची सैर'. हे नाव फॅमिली ग्रुपवर टाकूनही झालंय. बत्तीस जणांनी हात जोडले. वहिनी येणार नाहीत. केस उडतात.

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? मी. तू बाजूला बस, फोटो मांडीवर घेऊन."

१३ एप्रिल, रविवार

सकाळपासून ते 'बाजूला बस' डोक्यात फिरतंय. भाऊही हेच म्हणायचे. मी आठ वर्षांची होते तेव्हा, अठराची होते तेव्हा, आणि दोन हजार नऊ साली अलिबागला खेपा घालून लायसन्स काढलं तेव्हाही. "छान झालं. आता बाजूला बस." दादाला मात्र सोळाव्या वर्षी चावी मिळाली. तिसऱ्या दिवशी त्याने गाडी नारळावर घातली. तरी चावी त्याचीच राहिली.

शेवटची नऊ वर्षं भाऊंचं सगळं मी केलं. शाळा सुटली की त्यांना शेडमध्ये नेऊन गाडीत बसवायचं. स्टिअरिंगवर ते, बाजूला मी. गाडीची चाकं विटांवर, आणि भाऊ मला माणगावच्या बाजाराला घेऊन चाललेत. मी म्हणायचे, भाऊ, आज मी चालवते. ते म्हणायचे, "रस्ता खराब आहे गौरे." म्हणजे विटांवरसुद्धा नाही.

एकदा, एकदाच मला ती गाडी चालवायची आहे. बावन्न वर्षांच्या मास्तरणीने लिहायची गोष्ट नाही ही, पण ही वही वाचतंय कोण!

१६ एप्रिल, बुधवार

दादाचा अभ्यास जोरात. अभ्यास म्हणजे मोबाइलवर एका गोऱ्या माणसाचा सतरा मिनिटांचा व्हिडिओ. बत्तीस वर्षं कंपनीत मॅनेजर होता, घरातला बल्ब बदलायलाही ऑफिसचा शिपाई यायचा. आता कमरेला पट्टा, पट्ट्यात नट आवळायचे पाने. चालला की भांड्यांची आवराआवर चालल्यासारखा आवाज येतो.

अनुसूया आत्या शेजारच्या वाडीतून काठी टेकत आली. भाऊंची बहीण, वय चौऱ्याऐंशी, कान तिखट. "अरे, वर्ष व्हायच्या आत घरात नवं काही करत नाहीत."

"हे शुभकार्य नाही आत्या. दुरुस्ती आहे."

"मग गुरुजींकडून मुहूर्त कशाला काढलास?"

दादा विहिरीचं पाणी बघायला गेला. मुहूर्त काढलाय हे खरं. अक्षय्य तृतीया, तीस तारीख. तृतीया दुपारी दोनपर्यंतच आहे, त्याच्या आत कापायचं.

२२ एप्रिल, मंगळवार

एकदऱ्याहून धर्माजी आला. होड्या बांधतो. ताडपत्रीचं घडीचं छप्पर शिवायला दादाने बोलावला होता. धर्माजीने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकला, दाराखालचा पत्रा नखाने खरवडला. खाऱ्या हवेत पन्नास वर्षं काढलेला पत्रा — पापुद्रे सुटले.

"दादा, होरी उघरी असतं, पन तिला खाली कना हाय, आरव्या फल्या हान. तुज्या गारीला काय हाय? ही टपावर उभी हाय. टप कारलास का मधी बसंल."

आधी दारांच्या चौकटीत लोखंडी पाइप वेल्ड करून घ्या, दाराखाली जाड पट्टी लावा आणि मगच टपाला, म्हणजे छपराला, हात लावा, असं त्याचं म्हणणं. दादा हसला. "धर्माजी, ही स्पोर्ट्स कार आहे. होडी नाही."

मी मोबाइल घेऊन तो व्हिडिओ पहिल्यापासून लावला. चौथ्या मिनिटाला गोरा माणूस नेमकं हेच सांगतो. दादाने तेवढा भाग पुढे ढकलला होता. कंटाळवाणा होता म्हणे.

मग नांदगावच्या विनेशला फोन गेला. विनेश वेल्डर, माझा जुना विद्यार्थी, सातवी ब. अपूर्णांकांत कच्चा, पण हात सोन्याचे. तीस तारखेला सकाळी नऊला येईल. तो आधी पाइप बसवणार, मग दादा कापणार.

२६ एप्रिल, शनिवार

"गाडीचं रूप बदलायला परवानगी लागत असेल ना?" मी विचारलं. "घरची गाडी, घरचं छप्पर. आरटीओचा काय संबंध?" — हा माणूस बत्तीस वर्षं लोकांचे रजेचे अर्ज 'योग्य नमुन्यात नाही' म्हणून परत पाठवत होता.

३० एप्रिल, बुधवार

कापलं.

विनेश आला नाही. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. दादा फोन लावतोय, तिकडून उचलत नाहीत. दादाने नवा सदरा घातलेला, बॉनेटवर स्वस्तिक काढलेलं. एक वाजता गुरुजींचाच फोन — दोनच्या आत व्हायला हवं हं. दादाने घड्याळ बघितलं, गाडी बघितली. "पाइप काय, नंतरही लागतील. मुहूर्त नंतर लागणार आहे का?"

धर्माजीने हात मागे बांधले. "मी नाय हात लावनार," एवढंच म्हणाला. त्याने न लावून काय होतंय! दादाने नारळ फोडला आणि ग्राइंडर चालू केला. पुढचे दोन खांब, मागचे दोन. पावणेदोनला छप्पर सुटं झालं. दादाने आणि वाडीतल्या नामाने ते उचलून पोफळीखाली उताणं ठेवलं. आतल्या कापडावर भाऊंच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता, चालकाच्या बाजूला. मला रडू आलं. मग रडू आल्याचा राग आला.

फोटोसाठी दादा गाडीत बसला. तेवढ्यात गाडीने आवाज केला. मोठा नव्हता. जुनी खाट करकरते ना, तसा. गाडी मध्ये दोन बोटं खाली बसली. दोन्ही दारं जागच्या जागी आवळली, उघडेनात. चौऱ्याण्णव किलोंचा मॅनेजर आत अडकला. वरून काय, आभाळ मोकळं होतं, पण पाय वर कोण घेणार? शेवटी धर्माजीने आणि मी काखेत हात घालून त्याला बाहेर काढला.

अडकलेला असतानाचाच फोटो ग्रुपवर गेला. हसतोय त्यात. एक्केचाळीस बदाम आले. हरिहरेश्वरला सतरा दिवस उरलेत आणि आमच्याकडे आता गाडी नाही, लाल टोपली आहे.

१ मे, गुरुवार

झेंडावंदनाहून आले तर विनेश दारात. दादाने त्याला वीस मिनिटं झापलं. "तुम्हा कोकणातल्या लोकांना वेळेची किंमतच नाही." हा स्वतः काय नॉर्वेचा आहे? विनेश मान खाली घालून ऐकत राहिला. एकदा माझ्याकडे बघितलं. मी पेपर तपासायला आत गेले.

४ मे, रविवार

तीन दिवस धर्माजी आणि विनेश गाडीखाली. नारळाचा ओंडका, त्यावर जॅक, त्यावर गाडीचं पोट. तसूतसूने वर उचलली. मग पाइप, दाराखाली पट्टी, आणि सडलेल्या पत्र्यावर होडीला लावतात तो फायबरचा लेप. मुरूडच्या मेकॅनिकने इंजिनही सुरू करून दिलं. दारं उघडायला लागली, मिटायला लागली. दादाने सगळ्यांसमोर स्वतःचं अभिनंदन केलं आणि आत बसला.

दार मिटेना.

उतरला, मिटलं. बसला, मिटेना. पत्र्यात जीवच राहिला नव्हता, चौऱ्याण्णव किलो पडले की मध्ये दबायचा. विनेश बसला तर दार खांद्याने रेटून मिटलं. मग धर्माजी म्हणाला, "बायला बसव." मी एक्कावन्न किलो. बसले. दार ओढलं. खट!

पुन्हा केलं. खट. चार वेळा केलं, गरज नव्हती तरी.

"बायच चालवंल ही," धर्माजी म्हणाला. "दुसरा कोन नाय."

दादा म्हणाला, "मी वजन कमी करतो." तेरा दिवसांत.

८ मे, गुरुवार

दादाने दुपारी जेवणाऐवजी काकडी खाल्ली. चार वाजता घावने खाल्ले, अकरा.

१४ मे, बुधवार

वजन साडेत्र्याण्णव. दार अजून चार बोटं उघडं. ग्रुपवर संदेश गेला — 'काही तांत्रिक कारणास्तव सारथ्य कु. गौरी करतील.' तांत्रिक कारण समोर बसून आंबा चोखत होतं. चावी माझ्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. मी पोळी तव्यावर सोडून उचलली.

१७ मे, शनिवार

नीट लिहायचंय.

सकाळी सहाला निघालो. पुढे मी, मागे दादाच्या गाडीत दादा आणि आत्या. भाऊंचा फोटो माझ्या शेजारच्या सीटवर, पट्टा बांधून. मी मोठ्याने म्हटलं, "भाऊ, आता तुम्ही बाजूला बसा." ऐकायला कोणी नव्हतं म्हणून म्हटलं.

क्लच दगडासारखा जड आणि पेट्रोलचा वास नाकात. पण मुरूड सोडलं, समुद्र उजव्या हाताला आला, वर काहीच नव्हतं, आणि मी ओरडले. कशासाठी ते माहीत नाही. एक म्हातारा सायकल थांबवून बघत राहिला. मी त्याला हात केला. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. भाऊंच्या वर्षश्राद्धाला हे लिहिणं शोभत नाही, पण वाटलं.

आगरदांड्याला फेरीबोटीवर चढताना मात्र गाडी कुरकुरली. पुढची चाकं फळीवर, मागची जेट्टीवर, आणि मध्ये ती वाकली. उजवं दार आपोआप उघडलं. बोटीवरचा पोरगा धावला. मी ब्रेक मारला नाही. एका हाताने दार धरलं, दुसऱ्याने स्टिअरिंग, आणि चढवली. मागे वळून बघितलं तर दादा जेट्टीवर दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभा.

हरिहरेश्वरला पिंडदान दादाने केलं. ते त्याचंच काम. मी बाहेर गाडीपाशी उभी. लोक तिच्यासोबत फोटो काढत होते. एका बाईने विचारलं, "गाडी कोणाची?" मी म्हटलं, "माझी." जीभ अडखळली नाही.

१८ मे, रविवार

दादा परत मुंबईला गेला. जाताना पट्टा आणि पाने शेडमध्येच ठेवले. स्वतःच्या गाडीत बसला, मग काच खाली केली.

"शेवटच्या वर्षी मी आलो होतो ना, तेव्हा भाऊ त्या गाडीत बसले होते. मला म्हणाले, अजेय, यातून आभाळ दिसत नाही रे. त्यांना म्हटलं, काढू आपण छप्पर. खूश झाले. तुला आधीच सांगायला हवं होतं. तू हसशील वाटलं."

हसलेच असते.

"गाडी तूच ठेव गौरे. मी थांबलो असतो तर अशी झाली नसती. त्या विनेशलाही उगाच बोललो. जाताना नांदगावला थांबून माफी मागतो त्याची."

मी म्हटलं, राहू दे, उशीर होईल. तो म्हणाला, नाही, मागायला हवी.

१९ मे, सोमवार

दादाचा फोन. पोहोचला. माफी मागितली. विनेश म्हणाला, "नाही साहेब, चूक माझीच होती. मी विसरलो."

विनेश विसरला नव्हता. तीस तारखेला सकाळी आठला त्याने मला फोन केला होता — बाई, निघू का? मी म्हटलं, आज नको, काम उद्यावर गेलंय, आणि दादाचा फोन आला तरी उचलू नकोस. छप्पर वाचावं म्हणून म्हटलं, की दादा तोंडावर पडावा म्हणून, ते मला अजून ठरवता येत नाही. इतके दिवस इथेही लिहिलं नव्हतं.