अस्तर कोण लावणार?

१४ मार्च, गुरुवार
मावशीच्या घरून

प्रिय दादा,

सलाम. तू मजेत असशीलच. भर चर्चमध्ये दीडशे माणसांसमोर सख्ख्या बहिणीचं हसं केलं की भूक चांगली लागत असावी. मी बरी आहे. मावशीही बरी आहे. झाली ख्यालीखुशाली.

आता रविवारचं. लग्नाआधी तीन रविवार घोषणा वाचतात, त्यातली आमची दुसरी पाळकसाहेबांनी वाचली आणि नियमाप्रमाणे विचारलं, कुणाची हरकत आहे का? यावर माणसं खोकतात, दादा. उभी राहत नाहीत. तू उभा राहिलास.

"आहे हरकत! शवपेट्यांना अस्तर कोण लावणार?"

"अरे बाबा, हे कायदेशीर कारण नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"मग कसलं कारण लागतं ते सांगा, तसं देतो!"

मागच्या बाकांवर हशा पिकला. वहिनीने तुला खाली बसवायला कोट ओढला, तर खिसाच तिच्या हातात आला. मी ऑर्गनवर होते. रागाच्या भरात पुढचं गीत दोन सूर वर धरलं आणि अख्ख्या मंडळीचे गळे बसले. ते पापही तुझ्याच नावावर.

बावीस वर्षं मी तुझ्या पेट्यांना आतून पांढरं सॅटिन लावतेय. तू रंधा मारतोस, लोक तुझी वाहवा करतात. माझी शिवण ज्याच्या नशिबी येते तो तक्रार करत नाही, तसं कौतुकही करत नाही. आईला मी शब्द दिला होता, दादाला सांभाळीन. तेव्हा तू एकोणतीस वर्षांचा घोडा होतास. आज एक्कावन्न. कितव्या वर्षी सांभाळणं थांबवायचं, तेवढं सांगायचं आईचं राहून गेलं.

तू ह्यांना फिरस्ता म्हणतोस. ऑर्गन दुरुस्त करणारा माणूस गावोगाव फिरणारच. ऑर्गन काय चालत येणार आहेत त्याच्याकडे? दोन दिवसांच्या कामाला त्यांनी सात आठवडे लावले. तुला तो कामचुकारपणा वाटला. सातव्या आठवड्यात मी पायपट्टी दाबत होते, तेव्हा ऑर्गनच्या भात्यात डोकं घालूनच ते म्हणाले, "जरा पाय उचला. आणि हो, लग्न कराल का माझ्याशी?"

मी पाय उचलला.

मला त्यांच्याबरोबर फिरायचंय, फाटके भाते शिवायचेत. माझ्या टाक्यांनी धरलेल्या हवेतून एकदा तरी सूर निघू दे.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. तू उभा राहिलास तेव्हा क्षणभर मला हायसं वाटलं. वाटलं, सुटले, आता कुठे जायला नको, आणि दोष दादाचा. पूर्वी दोन भली माणसं मी परत पाठवली, तेव्हाही "दादाला चालणार नाही" असंच सांगितलं होतं. तुला विचारलंसुद्धा नव्हतं. तुझ्या आडून घाबरायची मला सवयच लागली होती. ती मोडायला निघाले, तर नेमका तू आयता उभा! म्हणून तर इतकी चिडले.

रविवारी तिसरी घोषणा. खुशाल उभा राहा. ह्या वेळी उत्तर पाळकसाहेब देणार नाहीत. ऑर्गन सोडून मी येईन आणि सगळ्यांसमोर देईन. तसं त्यांना सांगून ठेवलंय.

लग्न त्यानंतरच्या शनिवारी, सकाळी दहा वाजता. वेदीपर्यंत नवरीबरोबर घरच्या कुणाला तरी चालावं लागतं. मी दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तू नाही आलास तर एकटी चालेन. पण कडेने चालेन, तुझ्यापुरती जागा सोडून.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
तुझीच,
धाकटी