फाटकाच्या वाटेवरचा दगड

शिनो,

दाराशी तुझी भरलेली बॅग पाहिली. कानाझावाला बहिणीकडे निघण्याआधी दोन मिनिटं बागेत जाऊन ये. परवापासून तू तिकडे पाठ फिरवली आहेस.

तुझ्या आईनं लावलेलं कॅमेलियाचं झाड काढून तिथे मी नदीवरून आणलेला माझा दगड उभा करायचं मी तुला न विचारता ठरवलं. चुकलो. जन्मभर मंत्र्यांच्या चुकांवर लिहिलं, त्यामुळे स्वतःची ओळखायला वेळ लागला.

काल तू बाजारात असताना कुराता माळी आले. तासभर दगडासमोर नुसते बसले. मग म्हणाले, "हा नदीत आडवा पडून मोठा झालाय. उभा केलात तर घरात कुणाला स्वस्थ बसू देणार नाही." त्यांनी तो कॅमेलियाच्या पायाशी आडवा ठेवला आणि निम्म्याहून जास्त मातीत पुरला.

मी म्हटलं, "अहो, माझा दगड कुठे गेला?"

"आहे की. सगळा दिसला असता तर तुम्ही पाहत बसला नसता."

शिनो, आता वाटतं, तो दगड आणि ते झाड पहिल्यापासून तिथेच होते, आपलं घर कुणीतरी मागाहून आणून ठेवलं. पाहता पाहता माझा चहा गार झाला. एकही टोमणा सुचला नाही.

मी शेवाळ आणायला जातोय, दुपारपर्यंत येतो. पाहुण्यांनी इकडून जाऊ नये म्हणून ठेवतात तसा काळ्या दोरीनं बांधलेला दगड फाटकाच्या वाटेवर ठेवलाय. मुठीएवढाच आहे, सहज ओलांडता येईल. आजवर कुणी ओलांडलेला मात्र मी पाहिला नाही.

तोकुजी