डायोड ट्रान्झिस्टरला चिकटलेलाच हवा

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, अविवाहित, व्यवसाय श्रवणयंत्रांच्या अँप्लिफायरची रचना करणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात करत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तेवढी कोणाची छाती नाही. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रागाचा दाखला म्हणून खालचा मजकूर पुरेसा व्हावा.

माझ्या मागे तीन माणसं राहतील. आई, वय सत्त्याऐंशी, जिला यंत्राशिवाय ऐकू येत नाही. धाकटा भाऊ, ज्याला दोन्ही कानांनी उत्तम ऐकू येतं आणि तरी तो ऐकत नाही. आणि त्याची बायको, जिचं नि माझं कधीच पटलं नाही. आम्ही सगळे माझ्याच घरात राहतो.

कलम पहिले. हे घर, कामाच्या खोलीसकट, मी माझ्या भावजयीला देत आहे. धाकट्याला नाही. त्याने वकिलाकडे धावण्याआधी पुढचं वाचावं.

कलम दुसरे, माझ्या अँप्लिफायरबद्दल. दोन छोट्या सेलवर खिशात ठेवायचं यंत्र चालवणं म्हणजे तुटपुंज्या पगारात संसार करणं. काहीही वाया घालवून चालत नाही. त्याच्या शेवटच्या टप्प्यात दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने आवाज उचलतात. कोणी बोलत नसलं तरी दोघांतून थोडा प्रवाह वाहता ठेवावा लागतो. तो कमी पडला की हळू बोललेलं फाटतं, जास्त झाला की सेल फुकट संपतात. आणि ट्रान्झिस्टर तापले की तो आपोआप वाढत जातो. म्हणून मी त्यांच्या अंगालाच एक डायोड चिकटवला. ते तापले की तोही तापतो आणि प्रवाहाला आवर घालतो. एवढंच आहे. एवढ्यासाठी माझी उमेदीची वर्षं गेली आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

धाकट्याने आमचा श्रवणयंत्रांचा कारखाना हातात घेतला आणि तो डायोड उचलून बोर्डाच्या कोपऱ्यात नेऊन बसवला.

"भाग बसवणाऱ्या मशीनला तिथे सोपं पडतं, ताई," तो म्हणाला. "डायोड काढला तर नाही ना? जागा बदलली तर काय आभाळ कोसळतं?"

कागदावरच्या आकृतीत खरंच काही बदललं नव्हतं. पण आकृती तापत नाही, यंत्र तापतं. मी समजावलं, ओरडले, फाईल आपटली. तो म्हणाला, "तुझं सगळं जुन्या काळातलं." तो माल बाजारात गेला.

कलम तिसरे. मागच्या हिवाळ्यात मी ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडून होते. तेवढ्यात धाकट्याने आईचं जुनं यंत्र, मी हाताने केलेलं, जाहिरातीच्या फोटोसाठी म्हणून नेलं आणि तिकडेच हरवलं. तिला त्याच्या मालातलं नवं चकचकीत दिलं. खोक्यावर आईचा हसरा फोटो आहे, त्यात तिच्या खिशात माझं यंत्र आहे. ह्याला काय म्हणतात ते मृत्युपत्रात लिहिता येत नाही.

आई यंत्र शालीच्या आत ठेवते. तिथे वारा लागत नाही. ट्रान्झिस्टरना ताप चढायचा, कोपऱ्यातल्या डायोडला पत्ताच नसायचा, आणि दुपारपर्यंत सेल संपून जायचे. मग माणसांची बोलणी फाटायची, शेवटी नुसती खरखर. आई तक्रार करणारी नाही. मी घरी आले तेव्हा तिने मला जवळ बसवून विचारलं, "तू गेलीस आणि सगळ्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. माझं काही चुकलं का गं?"

इथे अक्षर बिघडलं आहे ते रागाने, अशक्तपणाने नाही. अक्षर तपासणाऱ्याने तशी नोंद घ्यावी.

तोवर धाकट्याने ठरवून टाकलं होतं की आईला आता काही समजत नाही. विचारावं एक, सांगते भलतंच. वृद्धाश्रमात तिच्यासाठी जागाही बघून ठेवली होती. आड आली ती भावजय. ती म्हणाली, "सकाळी माझ्याशी कडाकडा भांडतात, दुपारनंतर गप्प. डोकं काय घड्याळ बघून जातं का? आणि त्या गेल्या तर मी भांडू कोणाशी?"

ते ऐकताच मी यंत्र उघडलं. बोटाला चटका बसला. डायोड कोपऱ्यातून काढला, जागेवर चिकटवला, नवे सेल घातले. त्या दिवशी सासू-सुनेचं खिडकी उघडी ठेवण्यावरून दिवेलागणीपर्यंत भांडण चाललं. कुठल्याच औषधाने मला तितकं बरं वाटलं नव्हतं. घर भावजयीला का, हे आता कळलं असेल. अट एकच: आई या घरातून हलणार नाही. भावजयीचं नि माझं पटत नाही ते नाहीच, आणि माझ्या पितळी कुंड्यांना तिने हात लावू नये.

कलम चौथे. अँप्लिफायरचा आराखडा धाकट्यालाच मिळेल, पण डायोड जागेवर नेणार असेल तर. नाहीतर तो कोणीही घ्यावा आणि नीट बनवावा. शिवाय त्याच्या मालातलं एक यंत्र, दुरुस्त न केलेलं, मी त्याला देत आहे. रोज शालीत गुंडाळून खिशात ठेवावं आणि बायको काय म्हणते ते ऐकून दाखवावं.

कलम पाचवे. माझी हत्यारं आणि मीटर कारखान्यातल्या आमच्या जुन्या तपासनिसाला, ज्याला सगळे टिचकीदादा म्हणतात, कारण तो प्रत्येक बोर्डाला टिचकी मारून बघतो. आईचं यंत्र चालू ठेवणं त्याच्याकडे.

कलम सहावे. आईला समजत नाही असं कोणीही, डॉक्टर धरून, म्हणण्याआधी सेल बदलावेत आणि यंत्राला हात लावून बघावा. तापलेलं असेल तर तोंड बंद ठेवावं.

स्थळ: राहतं घर, कामाची खोली.
दिनांक: ९ फेब्रुवारी.

साक्षीदारांचे निवेदन. आम्ही, बाईंवर उपचार करणारा डॉक्टर आणि त्यांचा शेजारी शिंपी, लिहून देतो की बाईंनी हा मजकूर आम्हाला दुपारी नेहमीच्या आवाजात वाचून दाखवला. आईंची खोली लागूनच आहे आणि दार उघडं होतं. वाचन संपल्यावर आतून आईंचा आवाज आला, "धाकट्याला एवढं बोलायची गरज नव्हती." आणि थोड्या वेळाने, "तू जाणार आहेस, हे मला कधी सांगणार होतीस?"

बाई उठून आत गेल्या. खालची सही त्यांनी बाहेर आल्यावर, आमच्यासमोर केली आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी
(सही) साक्षीदार, डॉक्टर
(सही) साक्षीदार, शिंपी